भाऊसाहेबांचं हरलेलं मत

आमच्या घरातल्या कपाटात एका प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद आहेत. एक आहे शेताचा एक-चौदाचा उतारा. त्यावर कूळ म्हणून शापायचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, नाव आहे. दुसरा आहे शापायच्या जन्माचा, पोर्तुगीज काळातला दाखला. पहिल्या कागदामुळे आमचं घर चोपड्यात टिकलं. दुसऱ्या कागदाच्या जोरावर आम्हाला चोपडं सोडता येईल. शापायचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवला की मग पप्पांचा, आणि मग माझा. माझा चुलतभाऊ याच वाटेने गेला. आता घरी सगळे माझ्याकडे बघतायत.

मंडळाच्या या अंकासाठी गोमंतकातल्या एखाद्या व्यक्तीचं चरित्र लिहायचं ठरलं, तेव्हा मी दयानंद बांदोडकरांचं नाव दिलं. मैत्रिणींना आश्चर्य वाटलं. किरिस्तांव घरातली मुलगी आणि भाऊसाहेबांवर लिहिणार? गोवा महाराष्ट्रात विलीन करायला निघालेला माणूस आमच्या समाजात अजूनही लाडका नाही, हे खरंच आहे. शापायनी 1967 मध्ये त्यांच्या विरोधात मत दिलं होतं. पण शापायच्या नावाचा तो पहिला कागद ज्या कायद्यातून आला, तो भाऊसाहेबांचा. म्हणजे एका अर्थी आमच्या घराचं त्यांच्याशी जुनं, न मिटलेलं खातं आहे.

दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म 12 मार्च 1911 रोजी पेडण्यात झाला. आपला पेडणे तालुका पोर्तुगिजांकडे आला तो 1788 मध्ये, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. शापोरा नदीच्या पलीकडचा बार्देश तेव्हाच अडीचशे वर्षं त्यांच्या ताब्यात होता. म्हणून नदीच्या एका काठावर जुनी काबिजाद आणि दुसऱ्या काठावर नवी. पलीकडे चर्चचा अंमल जुना, अलीकडे देवळं आणि मराठी टिकून. आज शिवोली ते चोपडे पुलावरून स्कूटरने दोन-तीन मिनिटं लागतात. पूल नव्हता तेव्हा फेरीबोट होती. पण हा फरक एवढ्याशा पाण्याने शतकानुशतकं राखला.

भाऊसाहेब जन्मले त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर 1910 मध्ये, पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं होतं आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले होते. कायद्याने मिळाले, गावात नाही. गावात भाटकार तो भाटकार आणि मुंडकार तो मुंडकार. भाऊसाहेब गोमंतक मराठा समाजातले. देवळाच्या सेवेत पिढ्यान् पिढ्या राबलेल्या, आणि त्याच देवळात खालच्या पायरीवर उभं राहावं लागलेल्या लोकांचा हा समाज. घरची गरिबी होती. पुढे ते खाण व्यवसायात शिरले आणि श्रीमंत झाले. पैसा आल्यावर त्यांनी तो सढळ हाताने वाटला, म्हणून राजकारणात यायच्या आधीच त्यांचं नाव गावोगाव माहीत होतं.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. पुढचा राजा काँग्रेस, असं जवळजवळ सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मार्च 1963 मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला पहिली निवडणूक झाली. सभागृह तीस जणांचं, त्यातल्या अठ्ठावीस जागा गोव्यात. मगोला चौदा मिळाल्या, जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला बारा, आणि काँग्रेसला गोव्यात एकही नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात चिखल तुडवला, त्यांनी पहिल्यांदा मत दिलं आणि मालकांना घरी बसवलं. भाऊसाहेब स्वतः ती निवडणूक लढले नव्हते. तरी 20 डिसेंबरला ते पहिले मुख्यमंत्री झाले आणि पोटनिवडणुकीतून नंतर सभागृहात आले.

पुढे काय केलं, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं, पण शाळेत शिकताना ते कळत नाही. मला ते घरात कळलं. शापायचे वडील एका भाटकाराचं खाजन कसायचे. खाजन म्हणजे नदीला बांध घालून खाऱ्या पाण्यातून सोडवलेलं शेत. त्यात कोरगूट भात पिकतं, आणि मानशीची दारं भरती-ओहोटीच्या हिशोबाने उघडायची आणि बंद करायची असतात. बांध फुटला की वर्ष गेलं. एवढं करून पिकातला मोठा वाटा भाटकाराच्या घरी जायचा, आणि मर्जी फिरली की शेत दुसऱ्याला. 1964 च्या कूळ कायद्याने खंडावर मर्यादा घातली आणि मनात आलं की कुळाला काढायचं बंद केलं. कुळाला मालकी देणारी दुरुस्ती आणि मुंडकारांच्या घरांचं रक्षण करणारा कायदा पुढे सत्तरीच्या दशकात, त्यांची मुलगी मुख्यमंत्री असताना आला. पण पाया बापाचा. त्या कायद्याने कुळाचा धर्म विचारला नाही. चोपड्यातल्या मोजक्या किरिस्तांव घरांनाही तो तसाच लागू झाला.

दुसरं काम शाळांचं. 1961 च्या जनगणनेत गोव्यात शंभरातल्या तीसेक लोकांनाच लिहिता-वाचता येत होतं. बांदोडकर सरकारने वाड्यावाड्यावर मराठी प्राथमिक शाळा काढल्या. कुठे देवळाच्या सभामंडपात, कुठे कोणाच्या ओसरीवर. शापायना त्याचा उपयोग झाला नाही, त्यांचं वय निघून गेलं होतं. पण त्यांची धाकटी बहीण त्या शाळेत गेली आणि आमच्या घरातली मराठी वाचणारी पहिली व्यक्ती ठरली. मी आज या मंडळात आहे, ती वाट तिथून सुरू होते.

तरीही शापायनी त्यांच्या विरोधात मत दिलं. ते का, हे समजून घेतल्याशिवाय भाऊसाहेबांचं चरित्र पुरं होत नाही.

भाऊसाहेबांना आणि त्यांच्या पक्षाला गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा होता. त्यामागे भाषेचं प्रेम होतंच, पण भीतीही होती. छोट्या गोव्यात आज ना उद्या जुने भाटकारच परत डोक्यावर बसतील, मोठ्या राज्यात गेलं तर बहुजनांना आधार मिळेल, असा तो हिशोब. किरिस्तांवांची भीती उलटी. एवढ्या मोठ्या राज्यात आपण कोण? सिक्वेरांनी आग्रह धरला की हा निर्णय विधानसभेतल्या बहुमतावर सोडू नका, थेट लोकांना विचारा. संसदेने तसा कायदा केला. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून भाऊसाहेबांच्या सरकारने डिसेंबर 1966 मध्ये राजीनामा दिला. स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रश्नाचा निकाल लागायच्या आधी त्यांनी खुर्ची सोडली. त्यामागे दबाव होता, मान्य. पण सोडली.

16 जानेवारी 1967. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. पेडणे तालुका बहुतेक फुलाच्या बाजूने, बार्देश दोन पानांच्या. मराठी विरुद्ध कोकणी असं हे सरळ भांडण नव्हतं, हे मंडळाच्या वाचकांना मुद्दाम सांगते. वेगळं राहण्यासाठी जोरात लढलेलं राष्ट्रमत हे दैनिक मराठीच होतं. निकाल आला: विलीनीकरणासाठी 1,38,170 मतं, वेगळं राहण्यासाठी 1,72,191. फरक 34,021 मतांचा. एवढा फरक एकट्या किरिस्तांवांच्या मतांनी पडत नाही. मगोला निवडून देणाऱ्या हजारो बहुजन हिंदूंनीही त्या दिवशी दोन पानांवर शिक्का मारला होता. म्हणजे लोकांनी आपल्या नेत्याला बाजूला ठेवून स्वतःचं मत दिलं.

चरित्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट यानंतर घडते. मार्च 1967 मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. ज्या लोकांनी दोन महिन्यांपूर्वी भाऊसाहेबांना हरवलं, त्यांनीच मगोला सोळा जागा देऊन त्यांना परत मुख्यमंत्री केलं. विलीन व्हायचं नाही, पण राज्य तुम्हीच करा, असा तो निकाल. आणि जो गोवा वेगळा राहावा असं त्यांना वाटत नव्हतं, तोच गोवा चालवायला ते परत बसले. शापाय सांगतात की त्या काळात कोणीही उठून त्यांच्याकडे जाऊ शकायचा, मत कोणाला दिलंस हे कोणी विचारायचं नाही.

आता मला त्यांची आरती करायची नाही. त्यांचा कारभार एकहाती होता. फाइलपेक्षा माणूस मोठा, आणि तो माणूस म्हणजे तेच. त्यामुळे लोकांना न्याय झटपट मिळायचा, पण तो हक्क आहे की भाऊसाहेबांची कृपा, हे त्यांना कळायचं नाही. 1970 मध्ये त्यांच्याच पक्षातले सात आमदार बंड करून उठले. सरकार पडायची वेळ आली तेव्हा विरोधी युनायटेड गोवन्समधून फुटलेल्या काही आमदारांच्या आधाराने ते तरलं. पक्षांतर हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो. गोव्यात त्याची चव पहिल्यांदा लागली ती त्यांच्याच काळात, आणि ती त्यांनाही चाखावी लागली. शिवाय पहिला मुख्यमंत्रीच खाणमालक. त्यांनी स्वतःचे पैसे लोकांवर खर्च केले असतील, पण राजकारण करायला खाणीचा पैसा लागतो, ही सवयही तिथूनच पडली असं मला वाटतं. पुढे 2012 मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाने बेकायदा खाणकामातून सुमारे 35,000 कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचा अंदाज मांडला. दिचोली-सत्तरीच्या लोकांना तो आकडा समजावून सांगावा लागला नाही. त्यांच्या विहिरी आणि शेतातला लाल चिखल पुरेसा होता.

1972 मध्ये मगोने अठरा जागा जिंकल्या. त्याच्या पुढच्या वर्षी, 12 ऑगस्ट 1973 रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेब हृदयविकाराने गेले. वय बासष्ट. त्यांच्यानंतर त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांनी काम केलं नाही असं कोणी म्हणणार नाही, आमच्या उताऱ्यावरही त्यांचा हात आहे. पण पक्ष म्हणजे घर, हा धडा तेव्हाच गिरवला गेला. 1979 मध्ये मगोचे तीन आमदार फुटले आणि सरकार कोसळलं. 1980 मध्ये मगोच्या सात जागा उरल्या. जिंकलेल्या वीसजणांची गंमत अशी की ते काँग्रेसच्या एका गटाच्या नावावर निवडून आले आणि लगेच सगळेच्या सगळे इंदिरा काँग्रेसमध्ये गेले. 1990 नंतरच्या दहा वर्षांत तर शपथविधी डझनभराच्या आसपास झाले. एक मुख्यमंत्री जेमतेम अठरा दिवस टिकले.

हे थांबवायला कायदा होता. 1985 मध्ये पक्षांतरबंदी आली, पण एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मानली जायची आणि चालायची. 2003 मध्ये ती पळवाट बंद केली. आता दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन झाले तरच आमदारकी वाचते. हा आकडा लक्षात ठेवा आणि पुढचं वाचा. मार्च 2019 मध्ये, मध्यरात्री, मगोच्या तिघांतले दोन आमदार भाजपमध्ये विलीन झाले. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या पंधरांतले दहा. सप्टेंबर 2022 मध्ये काँग्रेसच्या अकरांतले आठ. प्रत्येक वेळी गणित बरोबर सुटलेलं. या शेवटच्या आठांनी तर निवडणुकीआधी पक्ष सोडणार नाही म्हणून देऊळ, खुरीस आणि दर्गा, तिन्ही ठिकाणी शपथ घेतली होती. ज्या दिवशी ते गेले, त्या दिवशी मांय रोजच्यासारखी तेर्साला बसली, पण मध्येच थांबली. खुरसासमोर घेतलेल्या शपथेचं काय होतं, असं तिने कोणालाच नाही, असंच विचारलं.

आमचं चोपडे मांद्रे मतदारसंघात येतं. 2017 मध्ये इथून काँग्रेसच्या हातावर निवडून आलेले आमदार ऑक्टोबर 2018 मध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. पोटनिवडणूक लागली. पुढे 2022 मध्ये मांद्र्याने परत सिंहाला, म्हणजे भाऊसाहेबांच्या पक्षाला निवडलं. निकालाआधी तृणमूलशी युती, निकालानंतर भाजप सरकारला पाठिंबा. ज्या शब्दावर, विलीनीकरण या शब्दावर, भाऊसाहेबांनी लोकांचा कौल घेतला आणि हार पत्करली, तो शब्द आज कोणालाही न विचारता रात्री दोन वाजता वापरला जातो. तेव्हा गोवा विलीन व्हायचा की नाही हे तीन लाखांहून जास्त लोकांनी रांगेत उभं राहून ठरवलं. आता आमदार विलीन होतात आणि सकाळी आपल्याला व्हॉट्सॲपवर कळतं.

जागतिक साहित्याच्या पेपरसाठी यंदा मी कुर्द लोकांविषयी वाचत होते. इराकच्या उत्तरेला त्यांचा स्वायत्त प्रदेश आहे. तिथेही 25 सप्टेंबर 2017 रोजी जनमत कौल झाला, आणि शंभरातल्या नव्वदहून अधिक मतदारांनी स्वतंत्र देश हवा म्हणून सांगितलं. देश तर मिळाला नाहीच, महिन्याभरात किर्कुक शहरही हातातून गेलं. पण वाचताना मला जास्त लागलं ते दुसरंच. डोंगरात बंदुका घेऊन लढलेल्यांचे दोन पक्ष आता दोन घराण्यांचे झालेत. तेल विकलं जातं, शिक्षकांचे पगार महिनोन् महिने रखडतात, आणि तरुण पोरं दलालाला पैसे देऊन युरोपच्या वाटेला लागतात. नोव्हेंबर 2021 मध्ये इंग्लिश खाडीत होडी बुडाली तेव्हा मेलेल्यांत बरेच कुर्द होते. आमचं दुःख त्यांच्याएवढं नाही, हे मला कळतं. आमच्यावर कोणी विषारी वायू सोडला नाही. आमची पोरं विमानाने जातात, रीतसर पासपोर्ट घेऊन. पण का जातात, याचं उत्तर ऐकताना मला आमच्याच वाड्यावरचं कोणीतरी बोलतंय असं वाटलं. लढणाऱ्यांनी राज्य मिळवलं, राज्य मिळाल्यावर ते आपापसांत वाटून घेतलं, आणि आम्हाला त्यात जागा ठेवली नाही.

चुलतभाऊ जाताना असंच काहीतरी म्हणाला होता. नोकरीसाठी कोणाच्या तरी मागे फिरायचं, कोणाला तरी काहीतरी द्यायचं, आणि तोवर तो माणूसच पक्ष बदलणार. त्यापेक्षा गोदामात रात्रपाळी बरी. त्याला खोटं ठरवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मी शापायना विचारलं, तुम्ही ज्यांना हरवलंत त्यांच्याबद्दल तुम्हाला राग कसा नाही? त्यांना प्रश्नच आधी कळला नाही. त्यांच्या मते राग कशाला? भाऊसाहेब फूल घेऊन आले, आम्ही पानं दिली, ते हरले. हरल्यावरही शेत आमच्याकडेच राहिलं, ते काढून घ्यायला कोणी आलं नाही. त्यांच्या डोक्यात हे इतकं सरळ आहे. सत्तावीस वर्षांचा एक कूळ मुख्यमंत्र्याच्या विरोधात मत देतो, जिंकतो, आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्त त्याच मुख्यमंत्र्याच्या कायद्याने राखलेल्या शेतात जातो.

भाऊसाहेबांच्या चरित्रातून मला एवढंच उचलायचं आहे. हरलेल्या मताने माणूस निराश होत नाही. शापायसारखी जिंकलेली आणि पेडण्यातल्या त्यांच्या शेजाऱ्यांसारखी हरलेली, दोन्ही माणसं 1967 नंतर आशेने मत देत राहिली. आशा संपते ती मत मोजल्यानंतर दुसऱ्याने विकल्यावर. जनमत कौलात भाऊसाहेब हरले, पण त्यांनी कोणाचं मत विकलं नाही. 1970 मध्ये त्यांनी फुटलेल्यांचा आधार घेतला, ही त्यांच्या नावावरची चूक मी पुसणार नाही. पण चूक आणि धंदा यांत फरक असतो.

गेल्या महिन्यात कॉलेजमधून मी मिरामारला गेले. समाधीच्या आवारात दोन पर्यटक सेल्फी काढत होते. त्यांनी मला विचारलं, हे कोण? मी सांगितलं, आमच्या तालुक्यातले. मग पुढे बरंच बोलले, कुळांचं, शाळांचं, फूल आणि पानांचं. ते ऐकत राहिले, त्यांना बसची घाई नव्हती बहुतेक.

घरी शापायनी लिस्बनच्या अर्जावर सही करून ठेवली आहे. जायचं की नाही हे तू ठरव, असं त्यांचं म्हणणं. अर्ज त्याच पिशवीत, दोन कागदांच्या मध्ये ठेवलाय. 2027 मध्ये विधानसभेची निवडणूक आहे आणि त्या निवडणुकीत माझं पहिलं मत असेल. तोवर तरी मी तो अर्ज पाठवणार नाही असं पप्पांना सांगितलं. पप्पा काही बोलले नाहीत. बांधाला मातीचा भर घालायला माणसं मिळत नाहीत, म्हणून या रविवारी मिसा झाल्यावर आम्ही तिघंच खाजनात उतरणार आहोत.